‘सगळं धरून’ ठरलेल्या पगारात नेमकं काय धरलंय?

पत्र असं आहे:

‘ताई, नमस्कार. मी नाशिकला एका मोठ्या साड्यांच्या दुकानात सहा वर्षं काउंटरवर आहे. आम्ही सत्तावीस जण आहोत, त्यात एकोणीस बायका. सकाळी दहाला हजर, रात्री नऊला सुटका, मध्ये अर्धा तास जेवण. सोमवारी दुकान बंद. लग्नसराईत आणि दिवाळीआधी रात्रीचे अकरा वाजतात. हातात महिना अकरा हजार पडतात. खात्यावर जास्त जमा होतात, पण वरचे पैसे शेठ रोखीनं परत घेतात आणि रजिस्टरवर मोठ्या आकड्यापुढे सही घेतात. ओव्हरटाइमचं विचारलं की म्हणतात, पगार सगळं धरून ठरलाय, शिवाय दिवाळीला साडी देतो ती काय? आता नवीन सांगतात, सरकारनंच दहा तास केलेत आणि किमान वेतन दहा हजार एकवीस आहे, मी तर वरच देतो. पंधरा मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. माझ्या मिस्टरांचं काम सुटलंय, माझी नोकरी गेली तर घर चालणार नाही. सही आम्हीच केली आहे. आता काही करता येतं का? – एक वाचक’

ताई,

करता येतं. सही केली असली तरी करता येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रातलं ते शेवटचं वाक्य लिहिताना तुमचा हात अडखळलेला दिसतोय. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय.

सहीकडे येतेच. पण आधी तास मोजू. तुम्ही पगाराचा आकडा दिलात, येण्याजाण्याची वेळ दिलीत, पण आठवड्याचे एकूण तास किती होतात ते लिहिलं नाहीत. बहुतेक तुम्ही कधी मोजलेच नसतील. दहा ते नऊ म्हणजे अकरा तास. जेवणाचा अर्धा तास काढला तर साडेदहा. सोमवार सोडून सहा दिवस, म्हणजे त्रेसष्ट तास. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा (२०१७ चा, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेला) सांगतो की आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम घेतलं तर वरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दरानं पैसे द्यायचे. त्रेसष्टातून अठ्ठेचाळीस गेले, पंधरा उरले. ही लग्नसराई नसलेल्या, गिऱ्हाईक तुरळक असलेल्या साध्या आठवड्याची गोष्ट आहे.

आता या पंधरा तासांचे पैसे किती होतात ते पाहू. तुमचा अकरा हजार पगार बरोबर आहे असं घटकाभर धरून चालू. (तो बरोबर नाही, ते पुढे सांगते.) महिन्याच्या पगाराला २६ नं भागलं की दिवसाचा दर येतो, ४२३ रुपये आठ पैसे. आठ तासांनी भागलं की तासाचे बावन्न रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे. दुप्पट म्हणजे तासाला साधारण १०५ रुपये ७७ पैसे. आठवड्याचे पंधरा तास म्हणजे महिन्याला सरासरी ६५ तास. गुणाकार करा: ६,८७५ रुपये. महिन्याला. तुमच्या रजा, सणाच्या सुट्ट्या त्यातून वजा करा, तरी वर्षाचे सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जातात. त्याच्या बदल्यात तुम्हाला दिवाळीला एक साडी मिळते.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हा गुणाकार त्यांच्याच हातानं करायला लावते. मी करून दिलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. स्वतः पेन धरून केलेल्या हिशोबावर बसतो. तुम्हीही एकदा करा, आणि शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीला करायला द्या.

शेठ म्हणतात सरकारनं दहा तास केलेत. हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीनंच माणूस जास्त गोंधळतो, म्हणून नीट सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकानांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला, तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला आणि कायदा वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लावायला मान्यता दिली. आधी ही संख्या दहा होती. तुम्ही सत्तावीस जण आहात, त्यामुळे जुना आकडा घ्या की नवा, तुमचं दुकान कायद्यात बसतंच. आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तिथेच राहिले, दुप्पट दरही तिथेच राहिला. एखाद्या दिवशी दहा तास काम घेता येईल, पण रोज दहा तास करून सहा दिवसांचे साठ तास साध्या पगारात बसवता येत नाहीत. शिवाय तुमचे जादा तास तीन महिन्यांचे मोजले तर १९५ होतात. १२५ ची मर्यादाही मोडली आणि १४४ चीही. मर्यादेबाहेर काम घेतलं हा मालकाचा दोष, त्यापायी तुमचे पैसे बुडत नाहीत.

आता ते दहा हजार एकवीस. हा आकडा शेठनी हवेतून काढलेला नाही. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी २४ जुलै २०१९ च्या अधिसूचनेत परिमंडळ १ मधल्या अकुशल कामगाराचा मूळ दर खरोखर १०,०२१ रुपये आहे. नाशिक महानगरपालिका असल्यामुळे परिमंडळ १ मध्येच येतं. नगरपरिषदेच्या गावाला परिमंडळ २ चा थोडा कमी दर आणि बाकीच्या भागाला परिमंडळ ३ चा त्याहून कमी. पण शेठनी त्या तक्त्यातला एकच चौकोन तुम्हाला दाखवला आणि दोन गोष्टी झाकून ठेवल्या.

झाकलेली पहिली गोष्ट विशेष भत्ता. किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता. महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे हा भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा दोन मुदतींसाठी, कामगार खातं जाहीर करतं. २०१९ नंतर तेल, डाळ, गॅस, भाडं कुठल्या कुठे गेलं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वाढीचा हिशोब या भत्त्यात येतो आणि तो आता काही हजारांत आहे. म्हणजे सर्वांत खालच्या, अकुशल कामगारालासुद्धा अकरा हजारांत भागवणं बेकायदेशीर आहे. चालू मुदतीचा नेमका आकडा कामगार आयुक्त कार्यालयातून मागून घ्या. मागताना ‘दुकाने व व्यापारी आस्थापना, परिमंडळ १’ असं स्पष्ट सांगा, कारण प्रत्येक धंद्याचा तक्ता वेगळा आहे. हॉटेलचा तक्ता हातात देऊन पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तुम्हाला अकुशल कोणी ठरवलं? तक्त्यात अकुशलच्या वर अर्धकुशल आहे, मूळ दर १०,८५६. त्याच्या वर कुशल, ११,६३२. तुम्ही सहा वर्षं काउंटरवर आहात. गिऱ्हाईक पैठणी मागतं तेव्हा पदर उलटून मागची बाजू दाखवता, हातमागाची कुठली आणि यंत्रमागाची कुठली ते सांगता. सुताचा ताणा, जरीचा पोत, लग्नघरच्या अकरा साड्यांचं बजेट बसवून देणं, हे सगळं तुम्ही करता. झाडलोट आणि गठ्ठे उचलणं यापलीकडचं, अनुभवानं येणारं, स्वतःच्या अकलेनं करायचं काम कायद्याच्या भाषेत अकुशल नसतं. तुमची बसवणूक कुशलमध्ये झाली तर नुसता मूळ दरच तुमच्या हातातल्या पगारापेक्षा ६३२ रुपयांनी जास्त आहे, भत्ता अजून मिळवायचाय. अर्जात हा मुद्दा घालाच. बायका मजुरी मागतात, पण आपलं काम कुशल आहे हे म्हणायला लाजतात. तुम्ही लाजू नका.

‘सगळं धरून ठरलाय.’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की मालक लोक एकमेकांना शिकवतात की काय असं वाटतं. कायद्यात त्याला किंमत नाही. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला किंवा ओव्हरटाइम सोडून द्यायला कामगारानं कबुली दिली, तोंडी दिली, लिहून दिली, स्टॅम्पपेपरवर दिली, तरी तेवढ्यापुरता तो करार रद्दबातल असतो. जुन्या किमान वेतन कायद्यात तसं कलम होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. असं का ठेवलंय? कारण पोटासाठी माणूस कशालाही हो म्हणतो. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ नं बंदी घातलेली वेठबिगारी. कुणी बेड्या घालाव्या लागत नाहीत, भूक आणि गरज तेच काम करते. ‘मला परवडत नाही’ ही मालकाची सबबही चालत नाही. तेही सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वी, १९६१ मध्येच सांगून ठेवलंय.

किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. आणि तुम्ही सोमवारी घरी असता, त्या आठवड्याच्या सुट्टीसाठी मुंबईच्या गिरणी कामगारांना घेऊन नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. शेठ ‘मी सुट्टी देतो, मी साडी देतो’ असं म्हणतील तेव्हा हे मनात असू द्या. सुट्टी त्यांनी दिलेली नाही.

आता सही.

खात्यावर मोठा आकडा जमा होतो, रजिस्टरमध्ये तोच आकडा, आणि वरचे पैसे रोखीनं परत. हा प्रकार इतका चालतो की त्याला बाजारात वेगळं नावही कुणी देत नाही. शेठना वाटतं कागद त्यांच्या बाजूनं आहे. पण तुम्ही तुमचं पासबुक भरून आणा आणि सलग वर्षभराच्या नोंदी पाहा. पगार जमा झाला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम एटीएममधून काढलेली दिसेल. दर महिन्याला तीच रक्कम. एकीच्या पासबुकात हे दिसलं तर मालक म्हणेल, तिचा घरखर्च असेल. सात जणींच्या पासबुकांत त्याच दोन दिवसांत तेवढीच रक्कम निघालेली दिसली तर त्याला काय म्हणेल? रोख कोण गोळा करतं, कुठे बसून, वहीत टिकमार्क करतं का, हेही लिहून ठेवा. ‘पैसे आणून द्या’ असा एखादा मेसेज आला असेल तर तो पुसू नका.

आणखी एक गोष्ट, जी शेठच्या लक्षात आलेली नाही. रजिस्टरवरचा मोठा आकडा खरा आहे असं ते म्हणाले, तर ओव्हरटाइमचा दुप्पट दर त्या मोठ्या आकड्यावर काढावा लागेल. हा वाद नागपूरच्या महापालिका कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. १९७२ मध्ये निकाल लागला की ओव्हरटाइमची दुप्पट कामगाराला मिळणाऱ्या नेहमीच्या पगारावर काढायची, नुसत्या किमान दरावर नाही. म्हणजे कागद खरा म्हटला तर ओव्हरटाइम वाढतो. कागद खोटा म्हटला तर किमान वेतन बुडवल्याची कबुली होते. सुनावणीत हा प्रश्न सरळ विचारायचा: साहेब, यांनी आधी सांगावं, रजिस्टर खरं की खोटं?

वेतन संहितेत एक कलम कामगाराच्या फार कामाचं आहे. पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा आला की पैसे पुरते दिले हे शाबीत करायची जबाबदारी मालकावर असते. पण किती तास काम केलं हे दाखवायची तयारी मात्र आपण ठेवायची. तुमच्या रजिस्टरवर बहुधा ‘दहा ते साडेसहा’ लिहिलेलं असेल. नसेल तर बरंच आहे, पण मी आजवर खरी वेळ लिहिलेलं हजेरीपुस्तक क्वचित पाहिलंय.

म्हणून हे करा. एका ताईंची गोष्ट सांगते, जागा-नाव सांगत नाही. त्या पॅकिंगच्या कामाला होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा पुरावा काय म्हटल्यावर म्हणाल्या, काही नाही हो, लिहायला वेळ कुठे. मग उठता उठता पिशवीतून भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, माझ्याकडे दाखवायला नव्हे, कशाला तरी गुंडाळून आणलं होतं. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले. आणि खाड्यांच्या शेजारी बारीक आकडे: ९, ९॥, १०, ९. मी विचारलं हे काय? त्या म्हणाल्या, घरी पोचायला किती वाजले ते. मुलीला संध्याकाळी एकटं ठेवायचं जिवावर यायचं, म्हणून मांडत गेले. चौदा महिने! कुठल्याही दावा-बिव्याच्या विचाराशिवाय, रोज, कधी निळ्या कधी लाल पेननं, एका जागी तेलाचा डाग. मालकाच्या वकिलानं म्हटलं की हे घरी बसून नंतर लिहिलंय. पण दुधाच्या खाड्यांचा हिशोब दूधवाल्याच्या वहीशी जुळला. मग आकड्यांवरही विश्वास बसला. तडजोडीत त्यांना बरेचसे पैसे मिळाले. सगळे नाहीत, हेही खरं सांगते.

तुम्ही दुधाचे खाडे मांडतच असाल. आजपासून त्याच चौकोनात आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ मांडा. कोरी वही नको, ती खरंच एका रात्रीत भरता येते. त्याच्या जोडीला रोजच्या जगण्यात आपोआप उमटणाऱ्या खुणा जपा. रात्री रिक्षावाल्याला मोबाइलवरून पैसे देता, त्यावर वेळ असते. दुकानाच्या ग्रुपवर ‘उद्या सगळ्यांनी साडेनऊला या’ असा मेसेज येतो. बिलावर विक्री करणाऱ्याचा कोड आणि वेळ छापली जाते. दुकानाची कागदपत्रं उचलून आणू नका, चोरीचा आळ घ्यायला मालकाला निमित्त होईल. तुमच्या फोनमध्ये, तुमच्या खात्यात, तुमच्या भिंतीवर जे आहे तेवढं पुरतं.

बाकीचं थोडक्यात. पंधरा मिनिटांच्या उशिरासाठी अर्धा दिवस कापता येत नाही. गैरहजेरीची कपात जितका वेळ गैरहजर तितक्याच वेळेच्या प्रमाणात. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार सणांच्या अशा आठ भरपगारी सुट्ट्या तुमच्या आहेत. त्या मिळतात का, तुम्ही लिहिलं नाहीत. आणि साडी ही ओव्हरटाइम नाही, तशी ती बोनसही नाही. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी बोनस देणं कायद्यानं बंधनकारक आहे, तो किमान ८.३३ टक्के, आणि तो पैशात असतो. साडी शेठनी प्रेमानं दिली तर आनंदानं नेसा, हिशोबात धरू नका.

रात्री अकराचं मात्र थोडक्यात सोडवत नाही. दुकाने कायद्यात बाईला सकाळी सात ते रात्री साडेनऊ याच वेळेत कामावर ठेवायचं असं आहे. त्यानंतर थांबवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी, आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय दुकानानं करायची. ‘दाराशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, चौकात सोडून चालत नाही. लग्नसराईत रात्री सव्वाअकराला शटर पडल्यावर एकोणीस जणी रिक्षा शोधत रस्त्यावर उभ्या असतात, आणि रिक्षाचे पैसे त्याच अकरा हजारांतून जातात. तुम्ही पत्रात याबद्दल तक्रारसुद्धा केलेली नाही. मला वाचताना राग आला तो इथे.

नोकरीच्या भीतीबद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. सहा वर्षं सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाईशिवाय काढता येत नाही, हा कायदा आहे. पण मालक काढण्याऐवजी छळू शकतो: काउंटरवरून गोदामात टाकेल, उगाच मेमो देईल, बाकीच्यांना तुमच्याशी बोलायची बंदी करेल. म्हणून एकटीनं जाऊन शेठशी वाद घालू नका. रागाच्या भरात ‘मी कामगार ऑफिसात जाते’ असं म्हणू नका. न बोलता आधी तयारी. महिना-दोन महिने कॅलेंडर मांडा, पासबुक भरा, दोन-तीन भरवशाच्या मैत्रिणींना हा गुणाकार दाखवा. सगळ्या सत्तावीस जणांची वाट पाहू नका, ते कधीच जमत नाहीत. पाच-सात जणी पुरेशा आहेत. अनेकांसाठी मिळून एकच अर्ज करायची कायद्यात सोय आहे, आणि तुम्ही सभासद असलेली नोंदणीकृत संघटनाही तुमच्या वतीनं अर्ज करू शकते. संघटनेकडे जाल तर पावती-पुस्तक, नोंदणी पाहून जा. मिळालेल्या पैशातला मोठा वाटा आधीच मागणाऱ्यांपासून लांब राहा.

नुसती चौकशी करायला तक्रार द्यावी लागत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. एखाद्या सोमवारी, तुमची सुट्टी असते आणि सरकारी कचेरी चालू असते, तेव्हा कामगार उपायुक्त कार्यालयात जा. तिथल्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांना भेटा, चालू किमान वेतनाचा तक्ता मागा, वेतनाच्या फरकाचा अर्ज कुठल्या प्राधिकाऱ्यापुढे करायचा ते विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केलात तरी पुढचा रस्ता सांगतात.

मुदतीचं नीट समजून घ्या. जुन्या किमान वेतन कायद्यात फरकाचा अर्ज सहा महिन्यांत करावा लागायचा. वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षं आहे. पण आधीच्या काळाच्या रकमेबद्दल मालकाचा वकील जुन्या सहा महिन्यांचं तुणतुणं वाजवणार हे धरून चाला. म्हणून तीन वर्षं आहेत म्हणून स्वस्थ बसू नका, तयारीचे दोन महिने ठीक, त्याहून उशीर नको. फरकाशिवाय त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहापट मिळेलच असं नाही, ते प्रकरण पाहून ठरतं, पण अर्जात मागायला विसरू नका. न मागितलेलं मिळालेलं मी पाहिलं नाही. कमी पगार दिल्याबद्दल मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तडजोडीला बोलावतील तेव्हा हे शेठच्या वकिलाला माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू द्या. तडजोड करायला हरकत नाही, घर चालवायचंय तुम्हाला. फक्त तुमच्या गुणाकाराचा आकडा हातात असल्याशिवाय कुठल्याही आकड्याला हो म्हणू नका, आणि ‘यापुढे काही मागणं नाही’ असं लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात दिसेपर्यंत सही करू नका. एक सही फुकट गेलीच आहे.

जाताना पासबुकाची आणि कॅलेंडरच्या पानांची झेरॉक्स न्या, मूळ पानं घरीच ठेवा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक तिथे द्यायची, दुसरीवर तारखेसकट आवक शिक्का मारून घ्यायचा. खिडकीतला माणूस म्हणेल, ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. ठेवून येऊ नका. जेवणाची सुट्टी झाली तर बाकावर बसा, पण शिक्का घेऊनच घरी या.